नव्या माणसाच्या पदरात

१६ फेब्रुवारी २०२५, भांडुप

दिवाळीपासून या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी. लग्नाची गडबड होती हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. सुखाबद्दल लिहायला बसलं की त्याला दृष्ट लागेल, असं काहीतरी वाटत होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या, एम.ए. झालेल्या, पोटासाठी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासणाऱ्या बाईला हे शोभत नाही. म्हणून आज मुद्दाम लिहिते: मी सुखात आहे.

नवं घर अकराव्या मजल्यावर आहे. पूर्वी इथे चाळ होती, तिच्या जागी हा टॉवर झाला. स्वयंपाकघरातून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. पण मला खरं कौतुक लिफ्टचं. मुलुंडच्या घराला लिफ्ट नव्हती. प्रत्येक वळणावर मी मोबाइल काढून काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्यासारखी उभी राहायचे. दम लागलाय हे शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

घरात आम्ही चौघं. नंदू, म्हणजे माझा नवरा, अठ्ठेचाळीस वर्षांचा, विमा कंपनीत आहे. त्याचे वडील दत्ताराम, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी सगळं आयुष्य गिरणीत मागावर काढलं. आई, कुंदाबाई, तेव्हा परळला गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या.

आबांची आणि माझी पहिल्याच दिवशी गट्टी जमली, कारण आमचं दुखणं एकच. दोघांच्याही हृदयाची तीच झडप गळते. रक्त पुढे जायचं, त्यातलं थोडं उलटं मागे येतं. माझी किंचित गळते, जन्मापासून. सहा महिन्यांनी टूडी एको करायचा आणि जपून राहायचं, एवढंच. त्यांची फार गळते, आणि फुप्फुसं खराब म्हणून ऑपरेशन करता येत नाही. ते आडवे झोपू शकत नाहीत, हॉलमधल्या आरामखुर्चीत बसूनच झोपतात. मला म्हणाले, सूनबाई, आपला माल एकाच कंपनीचा, दोन्ही पीस डिफेक्टिव्ह.

माझ्या बायोडेटात मी ही गळती स्पष्ट लिहिली होती. चेतना, माझी धाकटी बहीण, तेव्हा ओरडली होती, अगं येडी, हे काय बायोडेटात लिहायचं असतं का, सरळ वाट लावून घेतेस स्वतःची. आणि खरंच, ते वाचून सगळी स्थळं मागे फिरली. एकट्या नंदूचा फोन आला. तो म्हणाला, तुमचा प्रामाणिकपणा आवडला.

२३ फेब्रुवारी

काल घरात गाऱ्हाणं झालं. नवी सून आली की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची यांच्याकडे रीत आहे. ते घालायला आबांचे धाकटे भाऊ, भाईकाका, खास गावाहून आले. काका देवाला उद्देशून एकेक ओळ म्हणतात आणि शेवटी बाकीचे सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात. मालवणी मला चांगली समजते, मुलुंडला आमचा शेजार सगळा मालवणीच होता. पण खरं सांगायचं तर माझं शब्दांकडे लक्षच नव्हतं. उभं राहून पिंढऱ्या भरून आल्या होत्या, आणि त्या ठेक्याची मजाही वाटत होती.

पहिल्या ओळीला मी गप्प राहिले तर आईंनी कोपराने ढोसलं, म्हण गो. मग मी एवढ्या जोरात म्हणायला लागले की नंदूला हसू आलं. शेवटची ओळ काका माझ्याकडे बघून म्हणाले. त्या ओळीला बाकी कुणी बोललंच नाही. मला वाटलं, ही नव्या सुनेची पाळी असेल. मी एकटीच म्हणाले, व्हय म्हाराजा. आईंनी लगेच माझी ओटी भरली आणि मला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरले होते.

काका काय म्हणाले ते नंतर नंदूला विचारलं. तो म्हणाला, असंच गं, सुखी ठेव वगैरे.

२३ मार्च

दमायला होतंय. नव्या घराची धावपळ असेल.

पण नोंद करून ठेवावी. केस विंचरताना हात वर धरवत नाहीत, मध्येच खाली घ्यावे लागतात. आंघोळ झाली की पलंगावर पडावं लागतं, जणू आंघोळ हेच दिवसाचं काम होतं. काल कणीक भिजवायला घेतली आणि अर्ध्यावर परात घेऊन जमिनीवर बसले. आईंनी परात ओढून घेतली. मला भरून आलं. अशी सासू किती जणींना मिळते?

वाईट एवढंच की चेहऱ्यावर काही दिसत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, लग्न मानवलंय हं तुला. मी हसले. या दमण्याचं असंच आहे. ताप दाखवता येतो, पट्टी दाखवता येते. हे दाखवायला काहीच नसतं. मग आपल्यालाच शंका येते की आपण आळशी तर नाही.

१३ एप्रिल

आनंदाची बातमी. आबा काल पलंगावर आडवे झोपले! दोन वर्षांत पहिल्यांदा. सकाळी स्वतः खाली जाऊन दूध घेऊन आले आणि गेटवरच्या वॉचमनशी भांडूनही आले. नंदूने त्यांना बाहेरूनच आवाज दिला, काय आबा, झकास! डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या होत्या, त्या लागू पडल्या असाव्यात. गोळ्यांनी गळती कमी होऊ शकते, हे मी वाचलं आहे.

मला मनापासून आनंद झाला. मनापासून, असं लिहून थांबले. तपासून पाहिलं. होय, झाला. फक्त त्यांनी हसत हसत सोसायटीच्या बागेला चक्कर मारली तेव्हा मी बाकावर बसून होते, आणि क्षणभर असं वाटलं की ती चक्कर माझी होती. हा हलकटपणा आहे. पुन्हा असा विचार करायचा नाही.

११ मे

एको झाला. किंचित होती ती गळती आता मध्यम आहे. डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं, मध्ये ताप आला होता का, दातांचं काही केलंत का. नाही. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर वाढायला नको होती.

परत येताना रिक्षात नंदूने माझा हात धरून ठेवला होता. म्हणाला, टेन्शन घेऊ नको ना यार, मी आहे. घरी आल्यावर आईंनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी सांगितलं. त्या देवघराकडे वळल्या आणि त्यांनी हात जोडले. माझ्यासाठीच असणार.

८ जून

एक विचित्र गोष्ट लिहायची आहे. लिहू की नको, हे दोन दिवस ठरत नाही.

हल्ली दुपारी मी आरामखुर्चीतच टेकते, आडवं पडलं की छाती दाबल्यासारखी होते. आबाच म्हणाले, आता ही तुझी, माका नको. काल डोळा लागला तेव्हा छातीत माग ऐकू आला. मी आयुष्यात कधी हातमाग किंवा गिरणीतला माग पाहिलेला नाही. तरी मला कळलं की हा माग आहे. खडखडून पुढे, खडखडून मागे. आणि त्याबरोबर माझे दोन्ही खांदे असे भरून आले जसे गिरणीत उभ्याने पाळी करून येतात. जागी झाले तर तोंडात कापसाची तुसं आल्यासारखी वाटत होती. आरशात जीभ बाहेर काढून पाहिली. काही नव्हतं.

समजावण्यासारखं आहे: गळणाऱ्या झडपेचा आवाज स्वतःला ऐकू येतो, आणि आबा दिवसभर गिरणीच्याच गोष्टी सांगत असतात. मनाने दोन्ही जोडलं. ठीक.

पण दमणुकीचं काय? दमणूक मला ओळखीची आहे, लहानपणापासून आहे. माझी दमणूक पातळ असते, दुपारच्या उन्हासारखी. ही जाड आहे. ही दुसऱ्या कुणीतरी कमावलेली आहे.

६ जुलै

आबा एको करून आले. त्यांची गळती आता मध्यम. त्यांचे डॉक्टर खूश आहेत. आबांनी सगळ्यांना जिलेबी आणली. मी एक तुकडा खाल्ला आणि तो गिळता गिळता दम लागला.

पायांवर सूज आहे. मोज्याच्या रबराचा वळ संध्याकाळपर्यंत जात नाही.

त्यांची मोठी होती ती मध्यम झाली. माझी किंचित होती ती मध्यम झाली. हा योगायोग आहे. गळती म्हणजे पाणी नव्हे, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायला. मी शिकलेली बाई आहे. मी असं लिहिणार नाही.

२७ जुलै

मागाच्या खाली अजून काहीतरी आहे.

आज स्पष्ट कळलं. खांद्यांची दमणूक आबांची असेल, असं क्षणभर धरून चालू (फक्त धरून चालू). पण तिच्याखाली आणखी एक थर आहे, जुना, मनगटांत आणि कमरेत. चुलीसमोर उकिडवं बसून भाकऱ्या थापत राहिल्याचा. डोळ्यांत धूर. बाहेर पुरुषांची रांग, ताटं आपटल्याचे आवाज, आणि पोटात मूल. मला मूल कधीच झालेलं नाही.

खानावळ आईंची होती.

आईंना सहज विचारलं, तुम्हाला कधी हृदयाचा त्रास होता का? त्या नारळ खवत होत्या. खवता खवता थांबल्या नाहीत. म्हणाल्या, माका? माका कित्याक होतलो?

१० ऑगस्ट

एको. गळती तीव्र. फुप्फुसांतला दाब वाढला आहे. डॉक्टरबाईंनी पडद्यावरचं चित्र मोठं करून पाहिलं. मग म्हणाल्या की झडपेवर चुना साठला आहे, असा सत्तरी ओलांडलेल्या माणसात दिसतो. तीन महिन्यांपूर्वी हा नव्हता, मशीनची चूक असेल म्हणून त्यांनी दुसऱ्या मशीनवर पुन्हा केला. तेच. ऑपरेशन लगेच करावं लागेल. नंदू म्हणाला, गणपती होऊन जाऊ देत, मग लगेच. त्या म्हणाल्या, थांबू नका. तो म्हणाला, दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे. माझ्याकडून तो बोलतोय याचं मला बरंच वाटलं. बोलण्यालाही दम लागतो.

निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, असा जन्मजात दोष भावंडांत असू शकतो, बहिणीचा एको करून घ्या.

१७ ऑगस्ट

चेतनाने बोरिवलीला एको करून घेतला. तिचीही झडप किंचित गळते. फोनवर हसत होती, म्हणे घ्या, आपल्या आईची इस्टेट सारखी वाटली गेली. मग मला रडू आलं तर मलाच ओरडली, तू आधी बरी हो गं, माझं काय, मी घोडी आहे.

जेवताना मी हे घरात सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? आईंचा घास हातात राहिला. मग त्या नंदूकडे बघून म्हणाल्या, तिका गणपतीक बोलव. इतक्या मायेने म्हणाल्या.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आज लक्ष देऊन ऐकलं.

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की तुला भास झाला. आरती झाली. भाईकाका गावाहून आले होते, ते गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मला उभं राहवत नाही म्हणून आरामखुर्ची गणपतीसमोर आणली होती. गाव, देव, पूर्वज, गुरंढोरं, सगळ्यांची नावं झाली. मग काका म्हणाले:

‘बा देवा म्हाराजा, माझ्या थोरल्या भावाच्या काळजाचा दुखणा तू नव्या माणसाच्या पदरात घातलंस. त्या माणसान आपल्या तोंडान व्हय म्हटल्यान. आता जा काय उरला-सुरला आसात, ता पण तेच्याच पदरात घाल, नि माझ्या भावाक मोकळो कर रे म्हाराजा!’

मी तोंड घट्ट मिटून घेतलं. ओठ दातांखाली धरले. मी नाही म्हटलं तर होणार नाही, असं मला वाटलं. मूर्ख.

सगळे म्हणाले. व्हय म्हाराजा. आई म्हणाल्या. आबांचा आवाज खणखणीत होता, एवढा मोठा श्वास त्यांना आता घेता येतो. आणि माझ्या खुर्चीच्या मागे उभा राहून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, नंदू म्हणाला.



मग मोदक वाटले.

२८ ऑगस्ट

नंदूला विचारलं. वाटलं होतं, खोटं बोलेल. मग मी भांडेन.

तो खोटं बोलला नाही. पलंगाच्या कडेला बसला आणि सांगत गेला. आबांना असं झाल्यापासून आई मुलगी शोधत होत्या. घरात तसं कुणी नव्हतं, म्हणून नवं माणूस हवं, आणि त्याच्या काळजाला आधीच फट हवी. फट नसेल तर दुसऱ्याचं मावत नाही. दोन वर्षं त्या लग्नाच्या साइटवर रोज बघायच्या, चष्मा लावून, एकेक बायोडेटा. असं कोण लिहितं? कुणीच लिहीत नाही. मी लिहिलं होतं.

प्रामाणिकपणा आवडला.

म्हणाला, पण नंतर खरंच आवडलीस गं, शप्पथ. मला वाटलं थोडंसंच जाईल, तू तरुण आहेस, तुझं ऑपरेशन होऊ शकतं, त्यांचं होत नाही. हिशेब करून बघ ना.

त्याला रडू येत होतं. सगळ्यात वाईट हे की मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सवयीने.

२९ ऑगस्ट

आईंनी दुपारी स्वतःच सांगितलं. ता दुखणा आधी माझा होता. खानावळीच्या दिवसांत त्या चुलीसमोर कोसळल्या, पोटात नंदू होता. आबांच्या काळजालाही जन्माची फट होती. ते आपणहून म्हणाले, माका द्या. त्यांच्या आईने गाऱ्हाणं घातलं आणि ते व्हय म्हणाले. तेव्हा त्यांना काही झालं नाही, तरुण होते; म्हातारपणी ते उसळलं.

म्हणजे त्यांना विचारलं होतं.

आई म्हणाल्या, तुका इचारूक होया होता, ता आमचा चुकला. इचारला असता तर तू व्हय म्हटला असतंस?

मी विचार केला. प्रामाणिकपणे. आबांसाठी, नंदूसाठी — फेब्रुवारीत, नव्या साडीत — कदाचित म्हटलंही असतं. तेच तर. मी दिलं असतं. त्यांनी मागायच्या आधीच घेतलं.

३० ऑगस्ट

उशा लावून बसून आहे. लिहिताना मध्ये मध्ये थांबते.

आबा शेजारी येऊन बसले. डोळ्याला डोळा देत नाहीत. म्हणाले, माका एकदा गावाक जावन भात कापताना बघूचा होता, इतक्याच. मग पाणी आणून दिलं. भरभर चालत गेले, भरभर आले.

डॉक्टरबाईंना मी फोन केला. मीच. पाच तारखेला दाखल करून घेणार. पण फोन ठेवताना त्या म्हणाल्या, तोपर्यंत हृदयाने टिकायला हवं, आणखी बिघडलं तर भूल सोसणार नाही.

माग चालू आहे. आता जागेपणीही.

भाकऱ्यांचा धूर —

उरलंसुरलं येतंय.

३१ ऑगस्ट

चेतनाकडे जाते म्हणाले. नंदूने रिक्षा बोलावली, अडवलं नाही. लिफ्टपर्यंत गेले. लिफ्टमध्ये खाली बसले. नंदूने उचलून परत आणलं.

कुठे गेले तरी हे माझ्यातच —

आई म्हणाल्या, घाबरा नको गो बाय. तू आमची. आमी तुका सोडूचव नाय. आमच्या माणसासाठी आमी करतोच.

काय करतात, ते कळलं नाही.

१ सप्टेंबर

कळलं.

उद्या सातव्या दिवसाचं विसर्जन. निघायच्या आधी भाईकाका पुन्हा गाऱ्हाणं घालणार. या वेळी माझ्यासाठी. माझ्यातलं सगळं — आईंचं, आबांचं, माझं. चेतना जेवायला येणार आहे. नंदूने तिला बोलावलं. आईंनी तिच्यासाठी साडी आणून ठेवली आहे, मोरपिशी. तिला आवडतो तो रंग. मी कधीतरी सांगितलं असेल.

नंदू म्हणाला, ती तरुण आहे, तिला जड जाणार नाही. आणि तू वाचशील. तू वाचायला हवीस ना. त्याला खरंच मी हवी आहे. त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आणि आपण काही वाईट करतोय, असं मात्र काहीच दिसत नाही.

मी नाही म्हटलं. म्हटलं ना? ओठ हलले. आवाज —

चेतनाचा मेसेज आला आहे. किती वाजता येऊ, आणि मी काय आणू, तुला काही खावंसं वाटतंय का. शेवटी घोड्याचं चित्र.

फोन हातात आहे. आत्ता दुपार आहे. एक वाक्य लिहायचं. येऊ नकोस. दोन शब्द. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली.

बोट उचलत नाही. दमले आहे. खरंच दमले आहे. की — तपासून पाहते. तपासायलाच हवं.

नंदूने उद्याचं सांगितलं तेव्हा, चेतनाचं नाव निघालं तेव्हा, मला एक श्वास आला. आतपर्यंत. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मला तो आवडला.

फोन उशीखाली ठेवला. आईंनी पेज आणली, भरवली. थोडी खाल्ली.

ती माझी बहीण आहे. मी विचारलं तर ती हो म्हणेल. लगेच म्हणेल. म्हणून तर विचारायचं नाही. म्हणून तर सांगायचं —

आत्ता नको. आत्ता दम नाही.

उद्याचं काम: सकाळी, चेतना बोरिवलीहून निघायच्या आत, तिला फोन करून सांगायचं की तू